पाणी कुणाचा बळी मागतं?

श्रावण तोंडावर आला आहे. घराघरात कहाण्यांची पुस्तकं पुन्हा बाहेर निघतील, काहींच्या तर पाठच असतील. त्यातल्याच एका कहाणीपासून आज सुरुवात करू या. ती कहाणी पाण्याची आहे. पाण्याला गोष्टींमध्ये आपण काय काय करायला लावलं, पाणी खरोखर काय करतं, आणि या दोन्हींमधल्या अंतराची किंमत कुणी मोजली, एवढंच आज बोलायचं आहे.

कहाणी आहे शिळासप्तमीची, म्हणजे श्रावण शुद्ध सप्तमीची. तुम्हाला माहीत आहेच, तरी थोडक्यात उजळणी करते. एका राजाने गाव वसवलं, जवळ तळं बांधलं. खूप खटपट केली, पण तळ्याला पाणी लागेना. राजाने जळदेवतांना साकडं घातलं. त्या म्हणाल्या, सुनेचा थोरला मुलगा बळी दे, पाणी लागेल. राजा विचारात पडला. पुष्कळ लोकांचं भलं होणार, पण नातू द्यायचा कसा? आणि सून कबूल होणार कशी? मग त्याने युक्ती काढली. सुनेला माहेरी पाठवलं आणि मुलाला ठेवून घेतलं. एके दिवशी नातवाला न्हाऊमाखू घातलं, दागिने घातले, पलंगावर बसवून तळ्यात ठेवलं. तळं भरून वाहू लागलं.

पुढे सून भावाबरोबर माहेराहून परत येते. वाटेत सासऱ्याचं तळं दिसतं, तुडुंब भरलेलं. नेमका सप्तमीचा दिवस. ती काठावर थांबते, काकडीच्या पानावर दहीभात आणि लोणचं ठेवते, भावाला वाण देते, पाण्यात बुडालेले परत मिळोत अशी प्रार्थना करते. आणि पाण्यात कुणीतरी तिचे पाय ओढतं. बघते तर तिचाच मुलगा. त्याला कडेवर घेऊन ती घरी येते.

ही कहाणी किती पिढ्या सांगितली गेली, कोण मोजणार? चार्ल्स किंकेड नावाचा इंग्रज अधिकारी मुंबई इलाख्यात होता. त्याने १९१४ साली आपल्या कहाण्यांचं इंग्रजी पुस्तक काढलं, त्यातही ही गोष्ट आहे. आणि ही एकट्या आपली नाही. शेजारच्या कर्नाटकात एक मोठं लोकगीत आहे, तळ्याला दिलेल्या आहुतीचं. तिथेही गावच्या गौडाने तळं खोदलं, पाणी लागलं नाही. तिथे बळी मागितला तो थेट सुनेचाच. थोरल्या सुनांना माहेरचं पाठबळ होतं, म्हणून धाकटी भागीरथी निवडली गेली. ती तळ्यात पूजा करून पायऱ्या चढते आणि मागून पाणी चढत येतं. आपल्या कहाणीत मूल परत मिळतं. भागीरथी परत येत नाही. तिचा नवरा लढाईवरून येतो आणि त्याच तळ्यात उडी घेतो.

आता बघा, दोन्हीकडे पाणी लागत नाही तेव्हा सगळ्यांची नजर वळते ती सुनेकडे. बाहेरून आलेली, घरात सगळ्यात कमी बोलणारी. तिचा मुलगा, नाहीतर ती स्वतः. मग पाण्याला ती हवी होती, की घराला ती देऊन टाकणं सोपं होतं?

याचं उत्तर शोधायचं तर आधी तळ्याला पाणी का लागत नाही ते बघू.

आपल्या महाराष्ट्राची सुमारे ८० टक्के जमीन काळ्या कातळावर बसलेली आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीला भेगा पडून लाव्हा वर आला. थरावर थर साचले. विहीर खणणाऱ्या माणसाला हे थर तोंडपाठ असतात. वर माती, मग मुरूम, मग कुठे मांजऱ्या, मग काळा पाषाण. पाण्याला स्वतःची मर्जी नसते. जमिनीचं ओढणं त्याला खाली नेतं, वाट मिळेल तिकडे ते जातं, वाट संपली की थांबतं. मुरमात बारीक पोकळ्या असतात, त्यात ते शिरतं आणि धरून राहतं. अखंड काळ्या पाषाणात शिरायला जागाच नाही. पण त्या पाषाणाला उभी-आडवी चीर असेल तर पाणी तिच्यातून वाहत येतं. म्हणून एकाची विहीर भरते आणि वीस पावलांवरची दुसऱ्याची कोरडी जाते. पहिल्याने काही पुण्य केलेलं नसतं, दुसऱ्याने पाप केलेलं नसतं. एकाला चीर सापडली, दुसऱ्याला नाही.

शिवाय जमिनीतलं पाणी फार सावकाश चालतं. आज पडलेला पाऊस आज विहिरीत येत नाही. मुरत मुरत, कधी आठवड्यांनी, कधी महिन्यांनी पोचतो. म्हणजे उन्हाळ्यात खणलेलं तळं कोरडं दिसावं आणि मधल्या काळात गावाने जे काही केलं असेल, नवस म्हणा, बळी म्हणा, त्यामुळेच पाणी आलं असं वाटावं, याला जागा राहतेच. पाणी आपल्या चालीने आलं, श्रेय मात्र बळीला गेलं.

तुम्ही म्हणाल, या जुन्या गोष्टी झाल्या. पण आजही बोअर घ्यायची म्हटलं की पाणाड्याला बोलावलं जातं. तो हातावर नारळ ठेवून शेतातून चालतो. नारळ उभा राहिला की म्हणतो, इथे पाणी. खडकात चीर कुठे आहे हे नारळाला कळायला काही मार्ग नाही. आपल्या राज्यात भूजल सर्वेक्षण यंत्रणा १९७२ साली, त्या मोठ्या दुष्काळाच्या काळातच स्थापन झाली. खडकाचे थर, विहिरींच्या पाण्याची पातळी यांचा अभ्यास करून जागा सांगणारी माणसं आहेत. त्यांचाही अंदाज चुकू शकतो, पण त्यामागे निदान खडक बघितलेला असतो. नारळ उभा राहतो, मशीन येतं, तीनशे-चारशे फूट जातं आणि बोअरमधून नुसता फुफाटा निघतो. पैसे कुठून आलेले असतात? पुष्कळदा घरातल्या बाईच्या गळ्यातून. आज सुनेचा मुलगा कुणी मागत नाही, पण तिचं मंगळसूत्र सहज गहाण पडतं. आणि तेव्हाही तिला विचारलेलं असतंच असं नाही.

पाण्याचे गुण ओळखून काम करणारी माणसंही आपल्याकडे झाली. त्यांच्या गोष्टी कहाण्यांच्या पुस्तकात नाहीत, म्हणून इथे सांगते.

साताऱ्याजवळ लिंब गावात एक विहीर आहे, बारा मोटेची विहीर म्हणतात तिला. शके १६४१ ते १६४६, म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४ या काळात ती बांधली, ती एका बाईने. शाहू महाराजांच्या घरातल्या वीरूबाई भोसले यांनी. विहिरीच्या मधोमध मोटा ओढण्याच्या जागेला लागून चक्क छोटा महाल आहे, आणि हे सगळं आमराईला पाणी मिळावं म्हणून. एकाच वेळी बारा मोटा चालवायच्या तर पाण्याचं वजन ठाऊक असायला हवं. मोट भरली की ओझं वर ओढायचं बैलांनी. म्हणून धाव उताराची करतात. बैल उतरताना त्यांचं स्वतःचं वजन कामी येतं, नाडा ताणला जातो, मोट वर येते, थारोळ्यात रिकामी होते आणि पाटाने पाणी आपोआप पुढे पळतं. कुणाचा बळी नाही. वजन, उतार आणि चांगलं दगडकाम.

दुसरं उदाहरण छत्रपती संभाजीनगरचं. मलिक अंबर हा आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकत विकत इथवर आलेला माणूस. निजामशाहीचा वजीर झाला, त्याने खडकी हे शहर वसवलं. शहर वसवलं खरं, पण पाणी? सतराव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने जमिनीखालून नहर काढली. वरच्या अंगाला जमिनीत झिरपणारं पाणी गोळा करायचं आणि अगदी हलक्या उताराने शहरात आणायचं. पाणी उतार सोडत नाही आणि आपली पातळी गाठायला बघतं, या दोनच गुणांवर सगळी योजना उभी. तिथल्या पाणचक्कीत पाणी नळातून उंच चढवून वरून खाली पडू दिलं आणि त्या पडण्याच्या जोरावर जातं फिरवलं. ते काम १७४४ च्या सुमाराचं. जातं म्हटलं की ओढणारी बाईच डोळ्यांसमोर येते, नाही का? तिथे पहाटेपासून पाणी दळत होतं.

आता दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींकडे येते. त्या जरा जड आहेत.

विहिरीवर, डोहाच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड तुम्ही पाहिले असतील. साती आसरा. अप्सरा या शब्दावरून हे नाव आलं असं मानतात. हळदकुंकू, हिरव्या बांगड्या, खणाची ओटी, नवीन विहिरीचं पाणी पहिल्यांदा काढताना नैवेद्य. पाण्यापाशी आदराने वागावं, ते घाण करू नये, ही शिकवण त्यात आहे, आणि ती चांगलीच आहे. भर दुपारी एकटीने विहिरीवर जाऊ नये, डोहात उतरू नये, असं आजी सांगायची त्यातही शहाणपण आहे. डोह वरून शांत दिसतो आणि दोन पावलांवर एकदम खोल होतो. धबधब्याखाली पाणी गोल फिरत राहतं, माणसाला बाहेर येऊ देत नाही. जुन्या खोल विहिरीच्या तळाशी कार्बन डायऑक्साइड साचतो, तो हवेपेक्षा जड असतो. गाळ काढायला उतरलेला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. लोक म्हणतात, आसरांनी दोघांना नेलं. म्हणून लक्षात ठेवा, आत सोडलेला दिवा विझला तर कुणीही उतरायचं नाही. दिवा टिकला म्हणून धोका नाही असंही समजायचं नाही, कारण दिव्याला न कळणारे विषारी वायूही असतात. विहिरीत इंजिन चालू असेल तर त्याच्या धुराचा धोका आणखी वेगळा.

पण पाणी माणसाला खाली ओढतं, ही मूळ समजूतच खरी नाही. वाहत्या पाण्याचा जोर असतो, भोवरा असतो, ते वेगळं. साचलेलं पाणी मात्र उलट माणसाला वर ढकलतं. जितकं पाणी आपण बाजूला सारतो, तितक्या पाण्याच्या वजनाएवढा आधार पाणी आपल्याला देतं. माणसाचं शरीर आणि पाणी जवळजवळ सारख्याच घनतेचं. छातीत हवा भरलेली असेल आणि माणूस उताणा शांत पडला तर बहुतेकजण तरंगतात. बुडतो कोण? घाबरून हात वर करणारा. हात पाण्याबाहेर गेले की त्यांचा आधार जातो आणि तेवढं डोकं खाली जातं.

मग विचार करा, गावात पोहता येतं कुणाला? मुलांना. पाठीला भोपळा नाहीतर रिकामा डबा बांधून त्यांना विहिरीत ढकलतात, आठ दिवसांत मुलगा पोहायला लागतो. मुलीला कोण ढकलतं? ती काठावर बसून धुणं धुते. पाय घसरला तर अंगावरची साडी पाणी पिते, जड होते, पायांना गुंडाळते. तिला कुणी ओढलेलं नसतं. तिला कुणी शिकवलेलं नसतं.

आणि एक गोष्ट उघड बोलायलाच हवी. आपल्या भाषेत एक शब्दप्रयोग आहे, ‘तिने विहीर जवळ केली’. सगळ्यांना त्याचा अर्थ कळतो. सासरी त्रास झालेल्या कितीतरी बायकांचा शेवट विहिरीत झाला. काही स्वतः गेल्या, काहींना जावं लागलं, काहींना ढकललं गेलं. आणि नंतर गावात काय बोललं गेलं? पाय घसरला. आसरा लागली. वेळच वाईट होती. एकदा पाण्याने नेलं असं म्हटलं की घराला प्रश्न विचारायचं कारण उरत नाही. पंचनामा होतो, कागद बंद होतो.

ही गोष्ट बदलायला बायकांना रस्त्यावर यावं लागलं. १९७० च्या दशकाच्या शेवटापासून हुंडाबळींच्या विरोधात देशभर मोर्चे निघाले. त्यातून १९८३ साली कायदा बदलला. नवऱ्याकडून आणि सासरकडून होणारा छळ हा गुन्हा ठरला, आपण ४९८ अ म्हणतो तो. त्याच वेळी असंही ठरलं की लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाईचा संशयास्पद मृत्यू झाला किंवा तिने जीव दिला, तर शवविच्छेदनासाठी शरीर पाठवायचं. विहिरीत सापडलेल्या सुनेबद्दल कायद्याने पहिल्यांदा ठामपणे विचारलं, नेमकं काय झालं? आता कायद्यांची नावं आणि कलमांचे आकडे बदललेत, पण ही तरतूद कायम आहे.

ऐकणाऱ्यांमध्ये कुणी अशा अडचणीत असेल तर दोन नंबर सांगते. महिलांसाठी मदत १८१. मनावर ओझं असेल आणि कुणाशी तरी बोलायचं असेल तर १४४१६, टेलिमानस. दोन्हीकडे फोनला पैसे पडत नाहीत.

पाण्याबद्दलची आणखी एक गोष्ट फार खोलवर रुजली होती. ती म्हणजे, माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटतं.

पाणी खरंच कशाने खराब होतं? पाण्याचा मोठा गुण म्हणजे ते पुष्कळ काही विरघळवून घेतं. मीठ, साखर, खडकातले क्षार, शेतातलं खत. काही दिसतं, काही दिसत नाही. नितळ दिसणारं पाणी चांगलं असेलच असं नाही. पटकी आली की आपल्याकडे मरीआईचा कोप मानायचे, तिचा गाडा गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडायचे. १८८४ साली रॉबर्ट कॉख हा जर्मन डॉक्टर कलकत्त्याला आला होता. तिथल्या एका तळ्याच्या पाण्यात त्याला पटकीचे जंतू सापडले. लोक त्याच तळ्याचं पाणी पीत, तिथेच कपडे धूत. म्हणजे पाणी बिघडतं ते मैल्याने, आणि ते जंतू कुणाच्या पोटातून आले, त्याची जात कोणती, याने काही फरक पडत नाही.

पण स्पर्शाच्या समजुतीने शतकानुशतकं लाखो माणसांना विहिरीपासून दूर ठेवलं. त्यातही कुणाला? पाणी आणणं बाईचं काम, म्हणून विहिरीपासून लांब घागर घेऊन, कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून ताटकळत बसायची ती दलित बाई. तासन्‌तास. महात्मा फुल्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद सगळ्यांना खुला केला. सावित्रीबाई त्या घरच्या. घरात पाणी कोण भरू शकतं हे ठरवणं म्हणजे घर कसं चालेल हे ठरवणं. ते त्या दोघांनी ठरवलं.

मग महाड. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांनी ठराव मांडला. सरकारी पैशातून बांधलेली पाणवठ्याची ठिकाणं अस्पृश्यांना वापरता यावीत, असा तो ठराव होता. महाडच्या नगरपालिकेने पुढच्याच वर्षी चवदार तळं खुलं केल्याचं जाहीर केलं. पण कागदावरच. कुणाची पाणी घ्यायची हिंमत होत नव्हती. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. सगळे प्यायले. त्यानंतर अफवा उठवली गेली की आता हे देवळात शिरणार. परिषदेसाठी आलेल्या लोकांवर हल्ला झाला, डोकी फुटली.

पुढे काय केलं ऐका. तळं बाटलं म्हणून ते शुद्ध करायचं ठरलं. दूध, दही, शेण, गोमूत्र यांच्या १०८ घागरी तळ्यात ओतल्या. कॉखने कलकत्त्याच्या तळ्यात जंतू दाखवले त्याला तेव्हा ४३ वर्षं झाली होती. माणसाच्या ओंजळीने पाण्याचं काही बिघडलं नव्हतं. त्यात शेण मिसळलं ते शुद्धीकरणाने.

महाडच्या काही लोकांनी कोर्टात दावा लावला. तळं आमचं खाजगी आहे, अस्पृश्यांनी इथे न येण्याची रूढी अनादी काळापासूनची आहे, असं त्यांचं म्हणणं. त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये बाबासाहेब पुन्हा महाडला आले, या वेळी बायका मोठ्या संख्येने होत्या. दाव्यामुळे तळ्यावर जाणं त्यांनी थांबवलं, पण बायकांची वेगळी सभा घेतली आणि ताठ मानेने राहा असं सांगितलं. खटला दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. ती रूढी अनादी असल्याचं वादी सिद्ध करू शकले नव्हते. बाटण्याची गोष्ट लोकांच्या मनात होती, पुराव्याला मात्र उभी राहिली नाही.

हे सगळं एकत्र का सांगितलं? कोरडं तळं, डोह आणि विहीर, चवदार तळं, तिन्हीकडे आपण पाण्याच्या तोंडी शब्द घातले. मला बळी हवा. मी हिला ओढून नेलं. मी या माणसाच्या हाताने बाटतो. पाणी यातलं काही म्हणत नव्हतं, म्हणणारी माणसं होती. पण पाण्याच्या तोंडून म्हटलं की माणसाला जबाबदारी घ्यावी लागत नाही. राजाला आपण नातवाचा जीव घेतला असं म्हणावं लागत नाही, देवतांनी मागितला म्हणून दिला.

गोष्टीतल्या पाण्याला एक गुण मात्र कधीच नसतो, आणि तो आपल्याला सगळ्यात जास्त ठाऊक आहे. वजन. मुलांच्या कार्टूनमध्ये एखादी पोरगी हात फिरवते आणि पाण्याचा डोंगर हवेत उठतो. पोरं टाळ्या वाजवतात, वाजवू देत. पण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पंधरा लिटरचा हंडा, वर दहा लिटरची कळशी, झाले पंचवीस किलो, वर भांड्यांचं वजन वेगळं. जलजीवन मिशन २०१९ साली सुरू झालं, त्यात गावात माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, म्हणजे २७५ किलो. नळ दारात आला नाही तर हे वजन रोज कुणाच्या मानेवर, कमरेवर जातं, हे सांगायची गरज नाही. गरोदरपणातही जातं.

मग कहाणी सांगायचीच नाही का? सांगायची. शिळासप्तमीला चूल थंड ठेवायची, आदल्या दिवशीचं खायचं, एक दिवस तरी सुटका. काकडीच्या पानावरचा दहीभातही ठेवा. कारण या कहाणीचा शेवट, माझ्या मते, बायकांनीच सांभाळला आहे. कर्नाटकातली भागीरथी गेली ती गेली. आपल्या कहाणीतल्या आईने मात्र काठावर उभं राहून मूल परत मागितलं आणि मिळवलं. ते परत आल्यावर राजालाही आश्चर्य वाटतं. कदाचित ज्यांच्या घरातून कुणी पाण्यात गेलं होतं, त्या बायकांना दुसरा शेवट सोसवत नसेल.

फक्त सांगताना मुलाबाळांना एक प्रश्न विचारा. राजाने सुनेला माहेरी का पाठवलं? लहान मूलही उत्तर देईल, ती नाही म्हणाली असती म्हणून. म्हणजे राजाला ते ठाऊक होतं. विचारलं असतं तर कदाचित तळ्याची जागा बदलली असती, आणखी एक पावसाळा वाट पाहिली असती.

आपल्या राज्यात ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. नवी विहीर कुठे, टाकी कुठे, बोअर घ्यायची की ओढा अडवायचा, नळ कोणत्या वस्तीला आधी, हे तिथे बोलता येतं आणि ते कागदावर लिहून घेता येतं. कितीतरी गावांत ही सभा नुसत्या सह्यांवर उरकते. कुणी सही मागायला आलं तर हातातली घागर खाली ठेवा, सभा कधी आहे ते विचारा, आणि जा. तळ्याचं ठरत असताना सुनेने माहेरी असायचं नाही.